दोन गोरेगाव आणि तहाचा तेरावा भाग



'पेट'ची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपात शांततेसाठी झालेले प्रयत्न, या विषयात आपल्यासारख्यांनी नवीन काय शोधायचं?" जिनिव्हाची परिषद, लंडनचे कागद, आणि आपण बसलोय सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मला एका चुकीतून सापडलं, आणि ती चूक माझीच आहे.

मी एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळले. इतिहास वाचताना नोंदी कार्डावर लिहायची सवय लावून घेतली. एकदा कामगार चळवळीवर वाचताना नाव दिसलं: नारायण मल्हार जोशी, जन्म १८७९, गोरेगाव. मी लगेच कार्डावर लिहिलं, 'आपल्या गावचे!' दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पुढचे दोन शब्द दिसले: कुलाबा जिल्हा. म्हणजे आजचा रायगड. गोरेगाव मुंबईत आहे, गोंदियातही आहे. गावाचं नाव जिल्ह्याशिवाय लिहू नका, हा पहिला धडा. पण ते कार्ड मी फाडलं नाही, आणि ते बरंच झालं.

आता जोशींचा आणि युरोपच्या शांततेचा संबंध बघा. २८ जून १९१९ ला व्हर्सायचा तह झाला. परीक्षेसाठी आपण जर्मनीवरची भरपाई, सीमा आणि राष्ट्रसंघ एवढंच पाठ करतो. पण तहाचा तेरावा भाग पूर्णपणे कामगारांबद्दल आहे. त्यातला विचार असा की, सामाजिक न्याय नसेल तर कायमची शांतता टिकणार नाही. याच भागातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, उभी राहिली.

तिची रचना नीट समजून घ्या. दरवर्षीच्या परिषदेला प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवायचे: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. प्रत्येकाचं मत स्वतंत्र. म्हणजे प्रवासखर्च सरकारने द्यायचा, आणि तोच माणूस सरकारच्या विरुद्ध मत देऊ शकतो! शिवाय कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडायचा, अशी अट होती.

पहिली परिषद ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ना. म. जोशी. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली होती. पण त्यांची निवड सरकारने केली होती, कारण संमती घ्यायला देशव्यापी संघटनाच नव्हती. ही उणीव ३१ ऑक्टोबर १९२० ला भरून निघाली. त्या दिवशी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकचं पहिलं अधिवेशन भरलं. आयटक स्थापन होण्यामागे इतर कारणंही होती, पण तहातली ही अट त्यांपैकी एक होती.

वॉशिंग्टनच्या पहिल्या कराराने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. भारतासाठी वेगळं कलम घातलं: आठवड्याला ६० तास. अन्याय वाटतो ना? आहेच. पण भारताने हा करार १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात ६० तासांची मर्यादा आली. मुलांना कामावर घेण्याचं किमान वय ९ वरून १२ झालं. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी तास ५४ वर आणले, आणि १९४६ मध्ये ४८ वर. म्हणजे वॉशिंग्टनचा आकडा गाठायला २७ वर्षं लागली.

याच्या शेजारी दुसरा कागद ठेवा. २७ ऑगस्ट १९२८ ला पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियाँ करारावर सह्या झाल्या. युद्ध हे धोरणाचं साधन म्हणून वापरणार नाही, असं १५ देशांनी कबूल केलं. त्यात भारताचंही नाव आहे; सही मात्र ब्रिटिश मंत्र्याची. हा करार मोडणाऱ्याचं काय करायचं, ते त्यात लिहिलेलंच नाही.

मग तेराव्या भागाने युद्ध थांबवलं का? नाही. पण १९३३ चं जिनिव्हा बघा. २ मे ला नाझींनी जर्मन कामगार संघटना ताब्यात घेतल्या. जूनमध्ये त्यांचा माणूस रॉबर्ट ले कामगारांचा प्रतिनिधी म्हणून परिषदेला आला. कामगार गटाने विचारलं, याला कोणत्या संघटनेची संमती? जर्मन मंडळ परिषद सोडून निघून गेलं. ऑक्टोबरमध्ये जर्मनीने निःशस्त्रीकरण परिषद आणि राष्ट्रसंघ दोन्ही सोडले. जी अट मुंबईत संघटना उभारायला कारण ठरली, तीच जिनिव्हात खोटा प्रतिनिधी उघडा पाडायला उपयोगी पडली. इथे सावध राहा: एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत एक रीडिंग घेऊन आलेख काढत नाहीत, तसंच हे. पण इतकं नक्की म्हणता येतं की 'शांतता हवी' या वाक्यापेक्षा 'प्रतिनिधी कोणी निवडला' हा प्रश्न तपासायला सोपा असतो. राष्ट्रसंघ १९४६ मध्ये विसर्जित झाला. आयएलओ आजही आहे.

आता पुन्हा कार्डाकडे. ६० तासांच्या त्या कलमात शब्द आहेत 'ब्रिटिश हिंदुस्थान'. कुलाब्याचं गोरेगाव त्या रेषेच्या आत होतं. आपलं गोरेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात, म्हणजे रेषेच्या बाहेर. मुंबईच्या गिरणीला लागू झालेला कायदा मराठवाड्यातल्या जिनिंगला आपोआप लागू झाला नाही. मग इथल्या मजुराच्या तासांचं काय झालं? संस्थानाने काही नियम केले का, आणि कोणाच्या दबावाने?

बघा, सिनॉप्सिसमध्ये लिहिता येईल असा प्रश्न मिळाला. पण तयारी लागेल. निजामाचा राज्यकारभार उर्दूत चाले, तेव्हा लिपी शिका. तारखा फसली सनात असतात. साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. आणि नोंद करताना गावापुढे जिल्हा लिहा. माझ्या कार्डावर 'आपल्या गावचे' हे शब्द अजून आहेत, फक्त त्यांवर लाल रेघ मारली आहे.