गळ, आमिष आणि जल्पक



'ट्रोल' या इंग्रजी शब्दासाठी आपल्या काही वृत्तपत्रांनी 'जल्पक' हा शब्द योजिला आहे. भाषेचा अध्यापक या नात्याने मला तो पुरता पटत नाही. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. जल्प करणारा छलाचा आश्रय घेतो, पण त्याला स्वतःचा पक्ष असतो. वैतंडिकाला स्वपक्ष नसतो, तरी प्रतिपक्षाचे खंडन त्याला हवे असते. ट्रोलला यांपैकी काहीच नको असते. समोरचा चिडला की त्याचे काम झाले.

चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढीत नेण्याला इंग्रजीत 'ट्रोलिंग' म्हणतात. लोककथांतील राक्षसाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, असे मला वाटते. 'गळाला लागणे' हा आपला वाक्प्रचार येथे नेमका बसतो.

हा गळ प्रथम पडला तो विद्यापीठांच्या पाण्यात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये 'युझनेट'ची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये संगणकांवरून विषयवार चर्चा सुरू झाल्या. लिहिणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, स्वर ऐकू येत नसे. याच काळात, १९८२ मध्ये, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत फलकावर कोणी गमतीने लिहिले की, प्रयोगात पारा सांडल्यामुळे एक लिफ्ट दूषित झाली आहे. काहींना ते खरेच वाटले! तेव्हा स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर रोजी सुचविले, की थट्टेच्या मजकुरापुढे दोन टिंबे, आडवी रेघ व कंस काढावा. मराठी वाचकाला तो प्रथम विसर्गच वाटेल. मान कलती केली की हसरा चेहरा दिसतो. थट्टा ही थट्टा आहे हे सांगावे लागणे, यातच पुढील सारे बीजरूपाने होते. १ एप्रिल १९८४ रोजी ॲम्स्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांनी चेर्नेंको यांच्या नावाने सोव्हिएत संघ युझनेटमध्ये येत असल्याचे जाहीर केले, आणि अनेकांनी विश्वास ठेवला.

१९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शहरी दंतकथांच्या चर्चागटात 'नवख्यांसाठी गळ टाकणे' हा जुन्या सभासदांचा खेळच झाला. शंभरदा चघळलेला विषय भोळेपणाने पुन्हा काढावयाचा; जुने गालांत हसत, नवखा पोटतिडकीने चूक दाखवी. शाळेत नव्या मुलाची खोडी काढतात तसेच हे. काही दिवसांनी तोही खोडी काढणाऱ्यांत सामील होई. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत आणि रुळत. १९९३-९४ मध्ये मात्र 'अमेरिका ऑनलाइन'सारख्या कंपन्यांचे ग्राहक लोटले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही. खोडी उरली, सामावून घेणे सुटले.

त्याच सुमारास, १९९३ मध्ये, बीभत्स विनोदाला वाहिलेल्या एका गटाने मांजरप्रेमींच्या गटावर धाड घातली. मांजरांविषयी साळसूदपणे किळसवाणे प्रश्न विचारले गेले. तेथील माणसे दंतकथांचे अभ्यासक नव्हती. आजारी मांजराला काय द्यावे, एवढेच विचारावयास ती येत. हल्लेखोरांच्या संगणक-व्यवस्थापकांकडे तक्रार करणाऱ्या एका महिलेला पुढे धमक्या आल्या.