गाथेचे वाचन आणि गद्याची घडण

पालि गद्य पुनरुक्तीने भरलेले आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. सुत्तांतील पुनरुक्ती ही मौखिक परंपरेची गरज होती. भाणकांना दीर्घ पाठ मुखोद्गत ठेवावे लागत. परंतु याच परंपरेत शब्द तोलून वापरण्याचे शिक्षणही होते आणि ते गाथेतून मिळत असे. बुद्धवचनाच्या नऊ अंगांत 'गाथा' हे स्वतंत्र अंग आहे. गाथेच्या चार चरणांत शब्दाला जागा थोडी, म्हणून त्याची जबाबदारी मोठी. अशा वाचनातून गद्य कसे घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग'.

इ. स. च्या पाचव्या शतकात बुद्धघोष अनुराधपूरच्या महाविहारात आले. सिंहली अट्ठकथा पालित आणण्याची अनुमती त्यांनी मागितली. 'महावंसा'च्या उत्तरभागानुसार स्थविरांनी त्यांच्यापुढे दोन गाथा ठेवल्या आणि त्यांवर लिहून आपले सामर्थ्य दाखविण्यास सांगितले. या कथेतील देवतांचा चमत्कार बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. गद्यलेखनाची योग्यता गाथेच्या वाचनावरून पारखावी, असे या परंपरेला वाटत होते.

संयुत्तनिकायात श्रावस्ती येथे एक देवता भगवंतांना विचारते, की आत-बाहेर गुंतलेली ही जटा कोण सोडवील? भगवंतांचे उत्तर तीन गाथांत आहे. विसुद्धिमग्गाचा आरंभ त्यांतील पहिल्या गाथेने होतो, आणि तिच्यातील शील, चित्त व प्रज्ञा या तीन पदांवर ग्रंथाचे २३ परिच्छेद उभे आहेत: पहिले २ शीलाचे, पुढील ११ समाधीचे, शेवटचे १० प्रज्ञेचे. एवढ्या विस्तीर्ण ग्रंथाचा आराखडा लेखकाला चार चरणांत सापडला.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. या लहानशा गाथेत प्रज्ञेचा निर्देश तीनदा येतो. घाईचा वाचक याला पुनरुक्ती म्हणेल. बुद्धघोष मात्र प्रत्येक ठिकाणी थांबतात. पहिली जन्मजात प्रज्ञा, दुसरी विपश्यनेची, तिसरी सर्व कार्यांत मार्ग दाखविणारी, असा भेद ते करतात. 'जटा' या शब्दाचेही तसेच. ते वेळूच्या बेटातील फांद्यांचा गुंता डोळ्यांपुढे आणतात. मग भूमीवर उभा राहून धारदार शस्त्राने ते बेट तोडणारा माणूस येतो: शील ही भूमी, समाधी ही शस्त्राला धार लावणारी शिळा, प्रज्ञा हे शस्त्र. गाथेतील एका प्रतिमेतून गद्यातील संपूर्ण दृष्टांत निर्माण झाला, आणि त्यातील एकही अवयव शोभेसाठी नाही.

धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० साली मुंबईत प्रसिद्ध केली. मराठी अभ्यासकाला मूळ पाठ त्यामुळे सुलभ झाला. तरीही आपल्यापैकी अनेक जण गाथा ओलांडून थेट तिच्या सारांशाकडे वळतात. सारांशातून सिद्धांत कळतो. परंतु तो शब्द तिथे का आला, हा प्रश्न विचारण्याची सवय लागत नाही. ज्याला ही सवय नाही, तो स्वतः लिहिताना एका शब्दाचे काम चार शब्दांवर सोपवितो. म्हणून धम्मविषयक लेखन करू इच्छिणाऱ्याने रोज एक तरी गाथा पदशः वाचावी, आणि मगच लेखणी हाती घ्यावी.