एलईडी पट्टीला पॉवर सप्लाय किती वॉटचा? आधी मीटर मोजा, मग दुकानात जा

समा (वडोदरा) : समा-सावली रोडवरच्या सोसायट्या असोत की नवापूर-नंदुरबारकडची घरे, पीओपीच्या छतात, टीव्ही युनिटमागे आणि गणपतीच्या मखरात आता एलईडी पट्टी लागतेच. पट्टी घेताना रंग, उजेड, मीटरचा भाव सगळे बघितले जाते. तिला वीज देणारा डबा मात्र दुकानदार काढून देईल तो घरी येतो. मग पट्टी लुकलुकायला लागली किंवा एका टोकाला मंद पडली, की पट्टीच बदलली जाते. आधी तपासावा तो डबा आणि त्याची वायर.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची, एसी. वडोदऱ्यात ती एमजीव्हीसीएल देते, सीमेपलीकडे महावितरण, पण व्होल्ट तेच. पट्टीला लागते १२ किंवा २४ व्होल्ट डीसी. हे रूपांतर करणारा पॉवर सप्लाय बाजारात तीन रूपांत मिळतो : लॅपटॉपच्या चार्जरसारखा अॅडॉप्टर, जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस आणि पूर्ण बंद, लांबट ड्रायव्हर. यात एक गफलत हमखास होते. पॅनल लाइट किंवा डाउनलाइटचा जुना ड्रायव्हर घरात पडलेला असतो, तोच पट्टीला जोडला जातो. त्यावर '३०० एमए, कॉन्स्टंट करंट' असे छापलेले असेल तर तो पट्टीचा नाही. पट्टीला 'कॉन्स्टंट व्होल्टेज' लिहिलेलाच लागतो.

हिशेब खोलीपासून

१२ बाय १० फुटांची बेडरूम घेऊ. छताला चारही बाजूंनी पट्टी फिरवायची तर ४४ फूट, म्हणजे साधारण १३.४ मीटर लागते. '५०५०' जातीची, मीटरला ६० दिवे असलेली पट्टी साधारणपणे मीटरला १४.४ वॉट खाते. (५०५० हा आकडा दिव्याचा आकार आहे, ५ बाय ५ मिलिमीटर. वॉटशी त्याचा संबंध नाही, पुष्कळ जण इथेच फसतात.) १३.४ गुणिले १४.४ म्हणजे १९३ वॉट. पॉवर सप्लाय पूर्ण ताकदीवर सतत चालवायचा नसतो, म्हणून वर २५ टक्के धरायचे : २४१. म्हणजे २५० वॉटचा डबा झाला. १२ व्होल्टवर या पट्टीला १६ अँपिअर लागतील, २४ व्होल्टवर ८.

बेडरूमला एवढा उजेड खरेच हवा का, हे इथेच विचारून घ्यावे. '३५२८' जातीची ६० दिव्यांची पट्टी मीटरला साधारण ४.८ वॉट घेते. तीच खोली मग ६५ वॉटमध्ये होते आणि १०० वॉटचा सप्लाय पुरून उरतो. नुसता मंद, सुखद उजेड हवा असेल तर हीच पट्टी बरी. प्रत्येक पट्टीचा वॉट रिळावर छापलेला असतो, हिशेबाला तोच धरावा.

'जास्त अँपिअरचा लावला तर पट्टी जळेल' ही भीती खोटी आहे. पट्टी तिला लागेल तेवढाच करंट ओढते. व्होल्ट मात्र तंतोतंत जुळले पाहिजेत. १२ व्होल्टच्या पट्टीला २४ चा सप्लाय लावला, तर ती पट्टी गेलीच म्हणून समजा.

लेबलवरही एक गुणाकार करून बघावा. १२ व्होल्ट, ८.५ अँपिअर म्हणजे १०२ वॉट, ठीक आहे. '१२ व्होल्ट १० अँपिअर' आणि खाली '८० वॉट' लिहिले असेल, तर तो डबा परत ठेवावा.

वायर खाते ते व्होल्ट

सप्लाय खाली कपाटात आणि पट्टी पाच मीटर लांब, ७२ वॉटची, असे धरू. मधली वायर एक एमएमची असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.१८ ओहम होतो. १२ व्होल्टवर ६ अँपिअर वाहिले की १.१ व्होल्ट वायरमध्येच संपतात, पट्टीला जेमतेम ११ पोहोचतात. अडीच एमएमची वायर टाकली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. २४ व्होल्टच्या पट्टीत करंटच निम्मा, त्यामुळे एक एमएमवरही घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास, तीही २४ मधून. म्हणून मोठ्या खोलीला २४ व्होल्टच घ्यावे. १२ व्होल्टची पट्टी एका टोकाहून पाच मीटरच्या पुढे जोडत नेऊ नये, पुढच्या तुकड्याला सप्लायपासून वेगळी वायर द्यावी. वरच्या १९३ वॉटच्या खोलीला २४ व्होल्टचे १५० वॉटचे दोन सप्लाय समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवणे चांगले.

डबा ठेवायचा कुठे

८५ टक्के कार्यक्षमता धरली तरी १९३ वॉटच्या भाराला सुमारे ३४ वॉट नुसती उष्णता होते. मे महिन्यातले वडोदरा, त्यात बंद पीओपी. आतल्या कॅपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. डबा पीओपीत कायमचा गाडू नये. उघडता येणारी झडप ठेवावी, भोवती हवा खेळू द्यावी, वर थर्माकोल किंवा पडद्याचे कापड टेकू देऊ नये. मखरात तर हे विशेष पाहावे.

समासारख्या भागात आणखी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी समासह शहराच्या अनेक भागांत शिरले, तेही गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले असताना. तळमजल्यावर टीव्ही युनिटच्या तळाशी सप्लाय बसवण्यात अर्थ नाही, तो वरच घ्यावा. गॅलरी-गच्चीसाठी आयपी ६७ लिहिलेला बंद ड्रायव्हर घ्यावा. जाळीदार एसएमपीएस फक्त घरात, तोही मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, कारण त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. त्याच्या पत्र्याला अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे. काही एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० असे लहान बटण असते. ते ११५ वर राहिले तर चालू करताच डबा उडतो.

थेट २३० व्होल्टवर चालणारी गुंडाळीची पट्टी स्वस्त पडते, तिला डबाच लागत नाही. पण तिच्या प्लगमध्ये बहुधा एसीचे डीसी करण्यापलीकडे काही नसते आणि पट्टीभर धक्का देणारा व्होल्टेज असतो. मखरात, स्वयंपाकघरात, पलंगाजवळ ती नकोच.

उजेड कमी-जास्त करायचा असेल तर डिमर सप्लाय आणि पट्टी यांच्या मध्ये, डीसी बाजूला बसतो. पंख्याचा रेग्युलेटर सप्लायच्या आधी लावून हे काम होत नाही, उलट सप्लाय बिघडतो.

एलईडी ड्रायव्हरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे, मानक आयएस १५८८५. डब्यावर 'आर-' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कंपनीचे नाव दिसते. दुकानातच तपासावे. बिलही पक्के घ्यावे. जीएसटी वडोदऱ्यात आणि नंदुरबारला सारखाच, १८ टक्के, आणि वॉरंटी मागायला गेल्यावर पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

बसवून झाल्यावर अर्धा तास पूर्ण उजेडावर चालवावे आणि मल्टिमीटरने पट्टीच्या दूरच्या टोकाला व्होल्ट मोजायला सांगावे. १२ च्या जागी ११ च्या खाली दिसले, तर इलेक्ट्रिशियन निघून जाण्याआधी वायर बदलून घ्यावी.