डुकराच्या पोटातला मळसूत्री जंतू

वराहपालकांची एक जुनी डोकेदुखी आहे. कालपर्यंत धडधाकट दिसणारे डुक्कर अचानक पांढरेफटक पडते आणि मरते. पोट उघडून पाहावे, तर जठर रक्ताने भरलेले! अन्ननलिका जठराला मिळते, त्या तोंडाशी व्रण झालेला असतो. जठराच्या इतर भागाला चिकट अस्तर आम्लापासून वाचवते. एवढ्या टापूला मात्र ते कवच नसते.

दोष प्रथम खाद्यावर आला आणि तो खोटा नव्हता. विसाव्या शतकात बंदिस्त वराहपालन वाढले. धान्य जितके बारीक दळावे, तितके ते अंगी लागते. म्हणून खाद्य पिठासारखे दळले जाऊ लागले, त्याच्या गोळ्या बनू लागल्या. पण अशा खाद्याने जठरातला ऐवज पातळ होतो आणि तळाचे आम्ल त्या उघड्या भागापर्यंत पोहोचते. खाद्यात वाचवलेला पैसा असा व्रणात जाऊ लागला.

मग जंतूंवर संशय कसा आला? १८९३ साली इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी कुत्र्याच्या जठरात मळसूत्री जंतूंची नोंद केली होती. पण आम्लात राहून जंतू रोग घडवतात, हे वैद्यकाला पटायला फार काळ लागला. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी माणसाच्या जठरातला जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तोच रोगाला कारण आहे हे दाखवण्यासाठी मार्शल यांनी डुकराच्या पिल्लांवर प्रयोग केला. पिल्लांना लागण होईना. तेव्हा १९८४ साली त्यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले! त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की डुकराच्या पोटात त्याचा स्वतःचा जंतू होताच. १९९० साली ब्राझीलमधील संशोधकांनी त्याचे वर्णन केले. तो दिसला खरा, पण वाढवता येईना. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या पशुवैद्यकांना ते २००८ साली साधले. बहुतेक जंतूंना नकोसे असणारे आम्लयुक्त माध्यम त्यांनी याला दिले आणि तो वाढला. ‘हेलिकोबॅक्टर सुईस’ हे त्याचे नाव. सुईस म्हणजे डुकराचा.

हा जंतू मुख्यतः राहतो जठराच्या खालच्या टोकाला; व्रण होतो वरच्या तोंडाशी. मग संबंध काय? आम्ल बनवणाऱ्या पेशींचे काम तो बिघडवतो, असे दिसते. त्याच्यामुळे जठरदाह होतो आणि जनावराची वजनवाढ मंदावते. व्रणातला त्याचा नेमका वाटा किती, यावर अजून वाद आहे. शिवाय तो माणसातही आढळतो आणि जठरदाह घडवतो.

म्हणून एकाच आरोपीला धरून भागत नाही. सरसकट प्रतिजैविके देणे हा मार्ग नव्हे. त्याने औषधांना दाद न देणारे जंतू बळावतात. त्यापेक्षा दळण थोडे जाडसर ठेवावे, खाणे वेळेवर द्यावे. मुक्या जनावराला पोटदुखी सांगता येत नाही; ती ओळखायची जबाबदारी त्याला पाळणाऱ्याची आहे.