तांत्रिक लेखनाची वाट : रायपूरच्या संदर्भात

रायपूर : यंत्राची वापरपुस्तिका, औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक, संगणक प्रणालीची मदतपृष्ठे, कारखान्याच्या भिंतीवरील सुरक्षासूचना या सर्वांमागे कोणीतरी लेखक असतो, पण त्याचे नाव त्यावर छापले जात नाही. या कामाला तांत्रिक लेखन म्हणतात. अभियंता किंवा वैद्य होण्यासाठी ठरलेले शिक्षण असते, तसे या व्यवसायाच्या बाबतीत भारतात अद्याप झालेले नाही. या क्षेत्रातील बहुतेक माणसे दुसरीकडे जायला निघालेली असतात आणि वाटेत इकडे वळतात. छत्तीसगडच्या राजधानीचा इतिहास पाहिला तर ही आडवाट नवी नसल्याचे दिसते, आणि तिचा आरंभ एका मराठी माणसापाशी जाऊन पोहोचतो.

पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी, शालेय शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे, आणि पदवी कलाशाखेची. सरकारी नोकरीच्या मागे न लागता त्यांनी पेंड्रा संस्थानात राजकुमाराच्या शिक्षकाचे काम पत्करले आणि मिळकतीतून १९०० च्या जानेवारीत ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहकारी. मासिक तीन वर्षे चालले आणि आर्थिक ओढाताणीत १९०२ अखेर बंद पडले. ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेमुळे आणि नंतरच्या ‘हिंदी केसरी’मुळे सप्रे साहित्य व पत्रकारितेच्या इतिहासात अजरामर झाले. त्यांचे तिसरे काम मात्र फारसे बोलले जात नाही.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी भूगोल, खगोल, अर्थशास्त्र, रसायन, गणित, पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान या विषयांसाठी हिंदी पारिभाषिक कोश तयार करण्याचे काम हाती घेतले. श्यामसुंदर दास यांच्या संपादनाखाली तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दावलीचा भार सप्रे यांनी उचलला. पुढे अर्थशास्त्रावरील स्वतःचे अपुरे हस्तलिखित त्यांनी महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या स्वाधीन केले, आणि द्विवेदींचा ‘संपत्तिशास्त्र’ हा ग्रंथ १९०८ मध्ये आला. द्विवेदी हेही मूळचे रेल्वेच्या तारखात्यातले. नोकरी सोडून ‘सरस्वती’च्या संपादनाकडे वळलेले. एक मराठी शिक्षक आणि एक रेल्वे कर्मचारी मिळून हिंदीत अर्थशास्त्र कसे लिहावे याचा पाया घालतात, ही गोष्ट आजच्या उमेदवाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोघांपैकी कोणाकडेही त्या विषयाची पदवी नव्हती. विषय स्वतः समजून घेण्याची चिकाटी होती आणि तो ज्याला ठाऊक नाही अशा वाचकाची जाण होती. सप्रे यांनी समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, तेही याच वृत्तीने. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथेच त्यांचे निधन झाले.

परिभाषेचा हा धागा पुढेही या प्रदेशात टिकला. रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर. रायपूरचे वकील पंडित रविशंकर शुक्ल या प्रांताचे मुख्यमंत्री असताना नागपूर हे डॉ. रघुवीर यांच्या कोशकार्याचे केंद्र बनले, आणि शासनव्यवहाराची परिभाषा घडविण्याच्या कामाला राजाश्रय मिळाला. त्यातील अनेक संस्कृतप्रचुर शब्दांची थट्टा झाली. काही अंशी ती रास्तही होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय १९६० मध्ये, तर केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ मध्ये स्थापन झाला. आज मराठीत किंवा हिंदीत तांत्रिक मजकूर लिहिणाऱ्याला या संस्थांचे कोश हाताशी ठेवावेच लागतात. कोशातला शब्द कामगाराच्या तोंडी नसेल तर काय करायचे, हा निर्णय मात्र त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

रायपूरपासून जवळच भिलाई आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. आराखडे रशियन भाषेत, अभियंत्यांचे शिक्षण इंग्रजीत आणि भट्टीपाशी उभा राहणारा कामगार छत्तीसगढी बोलणारा, अशी ती स्थिती होती. मध्ये दुभाषे आणि अनुवादक आले. अनुवादातून तांत्रिक लेखनात जाण्याची ही वाट आजही खुली आहे. केंद्र सरकारची कार्यालये आणि सार्वजनिक उपक्रम यांत राजभाषा विभाग असतात. तेथील अनुवादकाच्या पदासाठी साधारणतः हिंदी किंवा इंग्रजी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि अनुवादाची पदविका अथवा अनुभव लागतो.

जगात हा व्यवसाय या नावाने दुसऱ्या महायुद्धानंतर ओळखला जाऊ लागला. अमेरिकेत १९४९ च्या सुमारास ‘बायनॅक’ या संगणकाची वापरपुस्तिका जोसेफ चॅपलाइन यांनी लिहिली. संगणकाच्या आरंभीच्या पुस्तिकांत तिची गणना होते. चॅपलाइन ऑर्गनवादकही होते. भारतात मागणी वाढली ती १९९० नंतर, संगणक प्रणालींच्या निर्यातीबरोबर. बंगळूर, पुणे आणि हैदराबाद ही तिची मुख्य केंद्रे झाली.

या कामात शिरणाऱ्यांमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारची माणसे आढळतात. चाचणी, ग्राहक साहाय्य किंवा देखभाल विभागातून आलेल्यांना यंत्र ठाऊक असते, वाक्य घासावे लागते. पत्रकारिता, अध्यापन किंवा अनुवादातून आलेल्यांचे याच्या उलट असते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना मुलाखतीत हमखास अडविले जाते, कारण मालकाला वाटते की लिहिणे कोणालाही येते. प्रत्यक्षात विषय सहा महिन्यांत शिकता येतो, वाचकाच्या जागी उभे राहण्याची सवय लागायला अधिक काळ जातो.

ही सवय म्हणजे काय, ते एका वाक्यावरून पाहता येईल. ‘सदर वाहिनीतील दाब पूर्णतः निवारण झाल्याची खातरजमा झाल्याखेरीज झडप उघडण्यात येऊ नये’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण रात्रपाळीत, हातमोजे घालून उभ्या असलेल्या माणसाला त्यात नेमके काय करायचे ते सापडत नाही. ‘दाबमापक पाहा. काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. मगच झडप उघडा.’ या तीन वाक्यांत क्रम आला, पाहण्याची वस्तू आली आणि थांबण्याची मर्यादाही आली. विमान उद्योगाने १९८० च्या दशकात तयार केलेल्या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीतही सूचनेचे वाक्य वीस शब्दांपलीकडे जाऊ नये आणि एका वाक्यात एकच कृती सांगावी, असे बंधन आहे. मराठीत अशी सर्वमान्य नियमावली नाही. लेखकाने ती स्वतःपुरती करून घ्यावी.

रायपूरच्या तरुणापुढील अडचण निराळीच आहे. येथे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे, कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ आहे, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आणि एम्स आहे. उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने आहेत. म्हणजे लिहिण्याजोगा विषय आणि त्याची गरज दोन्ही आहेत. नाही ते पदनाम. कारखान्यात हेच काम गुणवत्ता विभागातला कोणी कार्यपद्धतीची कागदपत्रे म्हणून करतो, रुग्णालयात संशोधन साहाय्यक करतो, कृषी विद्यापीठात विस्तार विभाग शेतकऱ्यांसाठी पत्रके काढतो. ‘टेक्निकल रायटर’ अशी जाहिरात शोधणाऱ्याला म्हणून येथे फारसे काही सापडत नाही आणि तो पुण्याची गाडी धरतो. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस रायपूरवरूनच धावते. तात्यापारा आणि बुढापारा भागातील मराठी घरांना तो प्रवास परिचयाचा आहे.

शहर न सोडता सुरुवात करायची तर दाखविण्याजोगे काम हाती असावे लागते. पदवीपेक्षा नमुन्याला येथे अधिक किंमत आहे. मुक्त स्रोत प्रणालींचे दस्तऐवज सुधारण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि केलेला प्रत्येक बदल नावानिशी नोंदला जातो. गुगलने तांत्रिक लेखनाचे आरंभीचे अभ्यासक्रम विनामूल्य खुले केले आहेत. मार्कडाउन ही साधी लेखनखूण एका दुपारी शिकता येते. एक्सएमएलवर आधारलेली ‘डिटा’ ही मानक रचना मोठ्या कंपन्यांत लागते, तिला काही आठवडे द्यावेत. घरच्या पाण्याच्या पंपाची वा शेजारच्या दुकानातील बिलाच्या प्रणालीची दोन पानी पुस्तिका लिहून ती प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती द्यावी आणि तो कोठे अडतो ते न बोलता पाहावे. असा तपासलेला एक नमुना दहा प्रमाणपत्रांहून बोलका ठरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता पहिला मसुदा क्षणात देतात. त्यामुळे केवळ वाक्ये सफाईदार करणाऱ्यांच्या जागांवर ताण आला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही १९५३ पासूनची या व्यवसायाची जुनी संघटना आर्थिक कारणांनी २०२५ च्या जानेवारीत बंद झाली. मात्र मसुद्यातील पायरी प्रत्यक्ष यंत्रावर करून पाहण्याचे आणि चुकलेल्या पायरीची जबाबदारी घेण्याचे काम अजून माणसाकडेच आहे. सिलतऱ्याच्या भट्टीजवळची सूचना छत्तीसगढी, ओडिया वा भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराला कळते की नाही, हे पाहण्यासाठी कोणाला तरी तेथे जाऊन उभे राहावे लागते.