स्वप्नातले हिरवे वस्त्र

मुसलमानी जगात स्वप्नांचा अर्थ लावण्याच्या विद्येचा आद्य आचार्य म्हणून ज्याचे नाव आजही घेतले जाते, तो बसऱ्याचा मुहम्मद इब्न सीरीन धंद्याने कापडाचा व्यापारी होता, ही गोष्ट मला नेहमीच मोठी सूचक वाटत आली आहे. अशा व्यापाऱ्याला अरबीत ‘बज्जाज’ म्हणतात. आपल्या पेठांतला ‘बजाज’ तो हाच. त्याचा बाप सीरीन हा तांब्याची भांडी घडविणारा कारागीर; आरंभीच्या खलिफांच्या स्वाऱ्यांत ऐनुत्तमर येथे तो पाडाव झाला आणि पैगंबरांचे सहवासी अनस इब्न मालिक यांच्या घरी गुलाम म्हणून राहून पुढे मुक्त झाला. मुलाची सचोटी अशी सांगतात की, चाळीस हजार दिरहमांचे तेल खरेदी केल्यावर एका बुधल्यात मेलेला उंदीर निघाला, तेव्हा त्याने सगळेच तेल ओतून दिले आणि कर्ज फिटेना म्हणून कैद भोगली. इ.स. ७२९ मध्ये तो वारला. त्याच्या नावावर आज विकले जाणारे स्वप्नग्रंथ त्याच्यानंतर कित्येक शतकांनी रचलेले आहेत. तरीही त्या ग्रंथांत रंग म्हटला की तो बहुधा कोणाच्या तरी अंगावरच्या कापडाचा असतो, आणि त्या पानांवर बजाजाच्या दुकानाचा वास येतो असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

या विद्येचे नाव ‘ताबीर’, आणि त्या शब्दाच्या मुळाशी पैलतीरी जाण्याचा अर्थ आहे. जणू स्वप्न हा एक काठ, अर्थ हा दुसरा, आणि सांगणारा हा मधला नावाडी. हिरव्या रंगाविषयी या नावाड्यांचे सहसा दुमत नसे. जिवंत माणसाने स्वतःला हिरव्या वस्त्रांत पाहिले तर त्याची धर्मनिष्ठा दृढ होईल व उपासना वाढेल, अथवा त्याच्या पदरी एखादा वारसा पडेल. मृत मनुष्य हिरव्या वस्त्रांत दिसला तर ईश्वरापाशी त्याची स्थिती उत्तम आहे, किंबहुना तो हुतात्म्याच्या पदवीला पोचूनच या जगातून गेला, असे समजावे. ईश्वरभक्ती आणि बापजाद्यांची मिळकत ही दोन्ही फळे एकाच पदरात बांधून देणाऱ्या या व्यवहारी बुद्धीचे मला कौतुक वाटते. पिवळे वस्त्र म्हणजे आजार, तांबडे स्त्रियांना शुभ आणि पुरुषांना फारसे बरे नव्हे, हे नियम त्यामानाने सरळ आहेत.

हिरव्याला हा मान कुराणाने दिला. स्वर्गस्थांच्या अंगावर तेथे हिरवी रेशमी वस्त्रे आहेत. पण ताबीर सांगणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आधार युसुफाच्या अध्यायात सापडतो, कारण तेथे हिरवा रंग खुद्द स्वप्नातच अवतरतो. मिसरच्या राजाला सात पुष्ट गाई सात रोड गाईंच्या भक्ष्यस्थानी पडताना दिसतात, आणि सात हिरव्या ओंब्या व त्यांच्याजवळ वाळलेल्या ओंब्या दिसतात. युसुफ अर्थ सांगतो तो सात वर्षे पिकाची व पुढची सात दुष्काळाची असा, आणि त्याबरोबर खाण्यापुरते सोडून बाकीचे धान्य ओंबीतच राहू द्यावे, असा कोणाही कुणब्याला पटेल असा सल्ला देतो.

नवव्या शतकात बुखारीने हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने व आठवणी, संकलित केले, त्यांतल्या ताबीरविषयक भागात हिरव्या रंगाला आणि हिरव्या बागेला वाहिलेले एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तिथली कथा सांगणाऱ्यांच्या मालिकेत आपला कापडवाला इब्न सीरीनही आहे. मदीनेच्या अब्दुल्ला इब्न सलाम यांनी स्वप्नात एक हिरवी बाग पाहिली. बागेत एक खांब, खांबाच्या टोकाला एक कडी. ‘चढ’ असा हुकूम झाला, ते चढले आणि त्यांनी कडी धरली. पैगंबरांनी अर्थ सांगितला की, अब्दुल्ला ती बळकट कडी हाती असतानाच देह ठेवील. पुढच्या भाष्यकारांनी या बागेवरून एक सूक्ष्म नियम काढला: ज्या बागेतली झाडे कोणत्या जातीची हे ओळखू येत नाही, ती बाग म्हणजे इस्लाम, आणि प्रसंगी कुराणाची पोथी किंवा विद्येचे ग्रंथ. नाव कळत नाही अशा हिरवळीलाच धर्म म्हणावे, ही कल्पना एखाद्या कवीला सुचावी अशी आहे.

रंगाचा अर्थ दरबाराच्या चालीवरही अवलंबून असे. अब्बासी खलिफांचा रंग काळा. इ.स. ८१७ मध्ये त्यांच्यापैकी मामूनने पैगंबरांच्या वंशातल्या अली अर्-रिदा यांना वारस नेमले, तेव्हा काळा टाकून हिरवा धरला. पण दोनच वर्षांत बगदादेत परतल्यावर पुन्हा काळाच चालू झाला. मग, काळे वस्त्र ज्याच्या नित्य वापरातले आहे त्याला ते स्वप्नात सत्ता देते आणि इतरांना शोक, हा स्वप्नग्रंथांतला नियम वाचताना दरबारातले काळे झगे डोळ्यांपुढे उभे राहतात. पुढे इ.स. १३७१-७२ मध्ये मिसरचा सुलतान अश्रफ शाबान याने पैगंबरांच्या वंशजांनी पागोट्यावर हिरवी खूण वागवावी असा हुकूम काढला, आणि हिरवे पागोटे ही कुळाची निशाणी ठरली.

तथापि कसबी ताबीरकार रंगाआधी माणूस पाही. दोन माणसे इब्न सीरीनकडे आली. दोघांनीही आपण अजान देत आहोत असे स्वप्न पाहिले होते. एकाला तो म्हणाला, तू हजला जाशील. दुसऱ्याला म्हणाला, चोरीपायी तुझा हात तोडला जाईल. एकाच्या चर्येवर त्याला सज्जनपणा दिसला, दुसऱ्याच्या चर्येवर नाही. दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसीने (१६४१-१७३१) पुढे सगळी स्वप्ने वर्णानुक्रमे लावून दिली, त्यामुळे सोय मोठी झाली. पण कोशाला समोरच्या माणसाची चर्या कशी दिसावी?

टिपू सुलतानाला तर कोशाचीही गरज वाटली नाही. त्याने आपली ३७ स्वप्ने स्वहस्ते फार्सीत टिपून ठेवली आणि काहींचे अर्थही स्वतःच लावले. सावनूरजवळ हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेवर रात्री छापा घालण्यापूर्वी त्याला स्वप्नात एक देखणा तरुण दिसला. तो तरुण पागोट्याखालचे केस सोडतो आणि स्त्री निघतो. शत्रूचा वेष पुरुषाचा असला तरी तो प्रत्यक्षात बायकाच ठरेल, असा अर्थ टिपूने काढला. मराठी वाचकाने हे हसून सोडून द्यावे. दुसऱ्या एका स्वप्नात पैगंबर त्याला हिरवे पागोटे देऊन डोक्याला बांधायला सांगतात. मग बंदेनवाज, ज्यांचा दर्गा गुलबर्ग्यास आहे, ते दुसरे देतात. आणखी एक सत्पुरुष तिसरे देतात. टिपू एकावर एक तिन्ही बांधतो आणि जागा झाल्यावर लिहितो की, याचा अर्थ सप्तखंडांची पातशाही आपल्याला बहाल झाली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, त्यानंतर त्याच्या शयनगृहात कर्नल कर्कपॅट्रिकला ही वही सापडली. टिपूचा मुन्शी हबीबुल्ला त्या वेळी हजर होता. अशी एक वही आहे हे त्याला ठाऊक होते, पण ती त्याने कधी पाहिली नव्हती, कारण सुलतान तीत लिहीत किंवा वाचीत असता कोणी जवळ आले की ती झाकून ठेवी.