थुले लोकांचे स्थलांतर आणि कार्बनचा हिशेब

कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर देवमाशांच्या बरगड्या आणि जबड्यांची हाडे जमिनीत अर्धवट रुतलेली आढळतात. ही थुले लोकांची हिवाळी घरे. झाडांविना असलेल्या या प्रदेशात वाशांचे काम हाडांनी केले. वर कातडे आणि मातीचे थर. आजच्या इन्युइट समाजाचे हे पूर्वज मूळचे अलास्काकडचे, असे डॅनिश पुरातत्त्वज्ञ थेरकेल मॅथियासेन यांनी १९२१ ते १९२४ च्या पाचव्या थुले मोहिमेतील उत्खननानंतर मांडले. मग हजारो किलोमीटर पूर्वेला, थेट ग्रीनलंडपर्यंत, ते कशासाठी गेले?

कॅनडाचे पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट मॅकगी यांनी १९६९-७० मध्ये दिलेले उत्तर फारच देखणे होते. इ.स. १००० च्या सुमारास हवामान उबदार झाले, समुद्रावरील बर्फ घटले, बोहेड जातीचे देवमासे पूर्वेकडे सरकले आणि शिकारी त्यांच्यामागे गेले. पाठ्यपुस्तकांनी हे उत्तर उचलून धरले.

या उत्तराचा सारा डोलारा कालमापनावर उभा होता आणि गोम तिथेच होती. सजीव मेल्यावर त्यातील कार्बन-१४ घटू लागतो. ५७३० वर्षांत तो निम्मा होतो. परंतु खोल समुद्रातील पाण्याचा वातावरणाशी दीर्घकाळ संपर्क नसतो, त्यामुळे त्यातील कार्बन आधीच ‘जुना’ असतो. त्यावर पोसलेला सील किंवा देवमासा प्रत्यक्षाहून शेकडो वर्षे प्राचीन भासतो. वाहत आलेले लाकूडही फसवेच; झाड मेल्यावर कितीतरी काळाने ते चुलीत जाते. असे नमुने वगळून फेरतपासणी झाली, तेव्हा स्थलांतर तेराव्या शतकात येऊन ठेपले. मॅक्स फ्रीसन आणि चार्ल्स अर्नोल्ड यांनी २००८ मध्ये पश्चिम कॅनडातील स्थळांवरून हाच निष्कर्ष काढला. म्हणजे उबदार पर्व सरत आले असताना ही माणसे निघाली होती.

स्वतः मॅकगी यांनीही जुने मत सोडले, हे विशेष. त्यांच्या नव्या मांडणीत ओढ होती लोखंडाची: वायव्य ग्रीनलंडमधील केप यॉर्कच्या अशनींचे लोखंड आणि नॉर्स लोकांशी होणारा व्यापार. एल्समियर बेटावरील थुले घरांत नॉर्स चिलखताच्या कड्या सापडल्या आहेतच. (सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाचे खापर एकट्या दुष्काळावर फोडणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी.)

हवामानाची खरी कसोटी पुढे लागली. लघु हिमयुगात बर्फ वाढले, मध्य आर्क्टिकमध्ये देवमाशांची शिकार दुरापास्त झाली. तेव्हा अनेक गटांनी हाडांची घरे सोडली, गोठलेल्या समुद्रावर हिमघरे बांधली आणि सीलच्या श्वासछिद्रांपाशी ते तासन्‌तास दबा धरून बसू लागले. अतिउत्तरेकडील कित्येक वस्त्या ओस पडल्या.

हा सारा पुरावा गोठलेल्या जमिनीने जपला. आता ती जमीन वितळत आहे. अलास्काच्या उत्तर टोकावरील नुवुक येथे किनारा ढासळून थुले काळातील दफने समुद्रात जात आहेत आणि उत्खनन करणाऱ्यांना लाटांच्या आधी तिथे पोहोचावे लागते.